मामांच्या मोजणीतला तीन नंबर

जगातल्या प्रत्येक घराकडे शत्रूच्या नजरेने पाहणारा आणि तरीही प्रत्येक घरात पोटभर जेवून जाणारा माणूस मी एकच पाहिला. ते माझ्या बायकोचे मामा. न्यू जर्सीतल्या आमच्या पार्सिपनीत कोणा मराठी माणसाने घर घेतलं की वास्तुशांतीला मामांना बोलावणं असतंच. बाकीचे पाहुणे किचनमधला ग्रॅनाइट बघतात, मुलांच्या खोल्यांचे रंग बघतात. मामा तीर्थप्रसाद घेतात, बूट चढवतात आणि घराला बाहेरून एक प्रदक्षिणा घालतात. मग आत येऊन, श्रीखंडाची वाटी हातात घेऊन, यजमानाला शांतपणे सांगतात, "घर उत्तम आहे. पण मागचं ते लाकडी डेक म्हणजे शत्रूला आपणच शिडी लावून दिल्यासारखं झालं. तीन माणसांत घेईन मी हे घर." यजमान नवा असेल तर त्याचा चेहरा बघण्यासारखा होतो. जुनी मंडळी मात्र आपणहून विचारतात, "मामा, आमचं किती माणसांत पडेल?" आमच्या ओळखीत एक घर आहे, ज्याला मामांनी आठ माणसं सांगितली होती. ते गृहस्थ अजून पत्ता सांगताना हे सांगतात.

मामांचं तरुणपण पुण्याला गेलं, म्हणजे सोमवार ते शनिवार. रविवारी ते कुठल्या ना कुठल्या किल्ल्यावर असत. पुढे न्यू जर्सीत पुलांचे इंजिनिअर म्हणून त्यांनी पस्तीस वर्षं नोकरी केली. "या देशात सगळं आहे हो, पण दम लागेल असा किल्ला नाही," अशी त्यांची एकच तक्रार. किल्ल्याची ती सगळी भूक मग लोकांच्या घरांवर भागू लागली. बेसमेंटला ते कोठार म्हणतात. त्यांच्या स्वतःच्या कोठारात तांदूळ, डाळी, गूळ आणि लोणच्याच्या बरण्या अशा बंदोबस्तात असतात की तीन पावसाळे निघावेत. त्यांची मुलगी कधीकधी वैतागते. "बाबा, ग्रोसरी स्टोअर दहा मिनिटांवर आहे. मी ड्राइव्ह करून आणते ना!"

"वेढा पडल्यावर कशी ड्राइव्ह करशील?" मामा विचारतात.

पण मामांची खरी खूण म्हणजे मोजणी. किल्ल्यावरून उतरण्याआधी सगळ्यांची मोजणी करायची, ही त्यांच्या वेळची शिस्त. धुक्यात माणूस मागे राहून जातो. म्हणून प्रत्येकाला नंबर दिलेला असे आणि तो त्याने ओरडून सांगायचा. माझी बायको लहानपणी सुट्टीत मामांकडे राहायची. गटात सगळ्यांत लहान असल्याने मामा तिला आपल्या पाठीमागेच ठेवत, म्हणून मामा एक आणि ती दोन. ते सगळे किल्ले मागे राहिले, पण मोजणी राहिली नाही. हॉटेलातून निघताना, देवळातून निघताना, मॉलच्या अफाट पार्किंगमध्ये गाडीपाशी आल्यावर मामा छाती भरून "एक!" अशी आरोळी देत. मग जरा थांबून "दोन!" यायचं. जरा थांबून, कारण तिला आधी हसू यायचं.

आमच्या लग्नात तिला भाऊ नसल्यामुळे कानपिळीचा मान मामांनी घेतला. सगळे हसत होते, फोटोग्राफर "अजून थोडं, काका" म्हणत होता, आणि मामा माझा कान न सोडता हळूच म्हणाले, "आजपासून तुम्ही तीन नंबर, जावईबापू. ओरडायला लाजायचं नाही." मी पुस्तकांत रमणारा, हळू आवाजाचा माणूस. वीस वर्षं मी तीन नंबर कसाबसा पुटपुटत आलो आणि वीस वर्षं मामांनी तेच ऐकवलं, "असा तीन म्हणाल तर दरीत राहाल, जावईबापू."

फ्रान्सला जायचं ठरवलं होतं ते तिने. गावच्या लायब्ररीतल्या फ्रेंचच्या वर्गाला ती दोन वर्षं जात होती. आँजे नावाचं एक जुनं शहर तिने हेरून ठेवलं. आजूबाजूला राजवाडे, द्राक्षांचे मळे, आणि शहराच्या मधोमध भलामोठा किल्ला. किल्ला म्हटल्यावर मामा आलेच. मे महिन्याची तीन तिकिटं काढली. तिने एका वहीत लागतील ती सगळी फ्रेंच वाक्यं देवनागरीत लिहून ठेवली, आमच्या दोघांसाठी. जानेवारीत ती गेली.

तिकिटं कॅन्सल करायचं मी ठरवून टाकलं. आणखीही एक गोष्ट मनात होती, ती कोणाला बोललो नव्हतो. मामा तिचे. मी त्यांचा लागलो तो तिच्यामुळे. मधला माणूसच नसताना दोन टोकांनी एकमेकांना किती दिवस धरून ठेवायचं? आज ना उद्या मामांचे फोन कमी होतील, मग दिवाळीपुरते उरतील, आणि त्यात त्यांची काही चूक असणार नाही. मी फोनवर सांगितलं, "मामा, मी काही येत नाही." त्यांनी फोन ठेवला. अर्ध्या तासात खिडकीतून पाहतो तर मामा ढोपरभर बर्फातून आमच्या घराला प्रदक्षिणा घालत होते. बूट झटकून आत आले आणि म्हणाले, "हे घर आता एका माणसातसुद्धा पडेल, जावईबापू. तुम्हाला इथे एकटं ठेवता येणार नाही. चला."

विमानतळावर दाराशी रांग लागली तेव्हा मामांनी सवयीने आरोळी दिली. "एक!" आजूबाजूचे चारपाच जण दचकले. मामा थांबले. मीही थांबलो. दोन म्हणणं माझ्याच्याने शक्य नव्हतं, तो नंबर माझा नव्हता. आणि दोनशिवाय तीन कसं म्हणायचं, ते मला कळेना. रांग पुढे सरकली. "बरं," मामा म्हणाले, "मोजणी अपुरी आहे. पण विमान थांबणार नाही." त्यानंतर आठ दिवस, प्रत्येक ठिकाणाहून निघताना, ते एक म्हणून थांबत राहिले आणि मी गप्प राहत गेलो. त्यांनी मला बोल लावला नाही, पण एकदाही सूटही दिली नाही.

ते आठ दिवस मात्र, खरं सांगायचं तर, मी फार हसलो. पहिल्याच राजवाड्यापुढे मामा कमरेवर हात ठेवून उभे राहिले आणि म्हणाले, "हा वाडा आहे. हौसेचा वाडा. इतक्या खिडक्या ठेवून कोणी लढतं का?" दुसराही वाडाच ठरला, तिसराही. चौथ्यात वेढा पडल्यावर पाणी कुठून आणायचे, असं त्यांनी तिथल्या गाइडला इंग्रजीत विचारलं. ती म्हणाली, नदीतून. "मग ते पाणी शत्रूचं," मामा म्हणाले. ती मुलगी क्षणभर नदीकडे बघत राहिली. इतकी वर्षं ती लोकांना पडदे आणि पलंगच दाखवत आली असावी.

वही मामांनी ताब्यात घेतली होती. रोज सकाळी बेकरीत जाऊन ते चष्मा लावत आणि पान उघडून मोठ्याने वाचत. पाव हवा आहे. इथपर्यंत ठीक. पण पान तिथे संपत नसे. त्यामुळे पुढे, तितक्याच अदबीने, स्टेशन कुठे आहे, माझ्या नवऱ्याला मिरची चालत नाही आणि डॉक्टरांना बोलवा, हेही ते वाचून टाकत. पहिल्या दिवशी बेकरीवाली खरंच फोनकडे धावली. मी म्हटलं, "मामा, पहिली ओळ पुरे." मामांनी वही मिटली. "पोरीने एवढं लिहिलंय ते वाया घालवायचं?" चौथ्या दिवसापर्यंत बेकरीवाली त्या वाचनासाठी गिऱ्हाइकांना थांबवून ठेवू लागली होती.

शहराबाहेरच्या एका मळ्यात आम्ही गेलो. डोंगर पोखरून केलेलं थंडगार तळघर पाहून मामा इतके खूश झाले की, "याला म्हणायचं कोठार!" म्हणत त्यांनी भिंत थोपटली. मळ्याची मालकीण साठीची, उंच, करारी बाई होती. तिने सगळ्यांना ग्लासात थोडीथोडी वाइन दिली. मामा पीत नाहीत. पण घरच्या बाईने स्वतःच्या हाताने दिलेलं परत कसं करायचं? त्यांनी ग्लास माझ्या हातात दिला, उजव्या तळहाताची खोलगट वाटी केली आणि म्हणाले, "घाला थोडं." मी घातलं. त्यांनी डोळे मिटून ते प्यायलं आणि ओला हात डोक्यावरून फिरवला. मालकिणीने काही वेळ त्यांच्याकडे पाहिलं. मग तिने आपला तळहात पुढे केला, त्यावर वाइन ओतून घेतली, प्यायली, आणि पांढऱ्या केसांवरून हात फिरवला. पाठोपाठ आमच्याबरोबर आलेल्या दोन जर्मन जोडप्यांनीही तेच केलं. त्या मळ्यात ही फार जुनी रीत आहे, असं ते आता कुठेतरी सांगत असतील. निघताना मामांनी बाईंना चकल्यांचं पाकीट दिलं.

शेवटच्या दिवसासाठी तिने वहीत आँजेचा किल्ला लिहिला होता. काळ्या दगडाचे, मधूनमधून पांढरे पट्टे असलेले सतरा बुरूज. मामा खंदकाच्या काठाने चालत राहिले. वाड्यांची टिंगल करणारा माणूस आत शिरल्यावर तटाला हात लावून लावून पुढे जात होता. वर जायच्या पायऱ्यांवर त्यांना दम लागला. ते थांबले, आणि दम लागल्याचा एवढा आनंद झालेला माणूस मी पाहिलेला नाही. वर वारा होता. खाली नदी, पाटीच्या दगडांची काळी छपरं, आणि तटावरच लावलेल्या द्राक्षवेलींच्या चार रांगा. मी विचारलं, "हा किती माणसांत पडेल, मामा?"

त्यांनी बराच वेळ चारही बाजूंना पाहिलं. "हा नाही पडत," ते म्हणाले. मग त्यांनी वही उघडून शेवटचं पान पाहिलं. त्यापुढे वाचायला काही नव्हतं. वही खिशात ठेवून ते उतरायच्या पायरीपाशी उभे राहिले.

"एक!"

मी थांबलो. तिला हसू आवरायला जेवढा वेळ लागायचा, तेवढा थांबलो. वाऱ्याने वेली हलल्या.

"तीन!" मी ओरडलो. आयुष्यात पहिल्यांदा, दरीपलीकडे जाईल असा. दोन बुरूज सोडून उभ्या असलेल्या लोकांनी वळून पाहिलं.

मामांनी मान हलवली. "सगळे आहेत," ते म्हणाले. "उतरा, जावईबापू. सावकाश."

आता दर रविवारी सकाळी फोन वाजतो. मी उचलतो. पलीकडून "एक" ऐकू येतं. मग आम्ही दोघंही जरा थांबतो.