जादूच्या शाळेतल्या गुप्तहेरावर बाबांची हरकत

आमच्या घरचा नियम आहे. घराबाहेर जाणारं कुठलंही लिखाण आधी मोठ्याने वाचून दाखवायचं. बाबा तलासरीच्या बाजारात वाटायची पत्रकं लिहितात, तीसुद्धा आईने ऐकल्याशिवाय छापायला जात नाहीत. आईला कंटाळा आला की पत्रक नापास. मी अक्षरं शिकले ती उरलेल्या पत्रकांवर. ‘कमळ’ वाचता येण्याआधी मला ‘जाहीर निषेध’ वाचता येत होतं.

त्यामुळे माझं फॅन फिक्शनही या नियमातून सुटलं नाही. दुसऱ्यांच्या गोष्टींमधली आवडती दुनिया उचलायची, तिच्यात आपलं कथानक घालायचं आणि वेबसाइटवर टाकायचं, असा हा प्रकार. मी दोन दुनिया एकत्र केल्या होत्या. व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या लंडनमधला, धुक्यात घोडागाडीतून फिरणारा गुप्तहेर मी जादूच्या शाळेत नेऊन सोडला. तिथे एका विद्यार्थ्याचा कुणीतरी दगड केलाय आणि सगळे कपडे धुणाऱ्या म्हातारीकडे बोट दाखवतायत.

बाबांनी पहिला भाग ऐकला आणि कपाळाला हात लावला. “अगं, जन्मभर मी पाड्यापाड्यावर सांगत फिरलो की भुताळी, चेटकीण कुणी नसते, एकट्या बाईवर आळ घेऊ नका. आणि माझ्याच घरात छड्या फिरवणारे जादूगार?”

“म्हणूनच लिहितेय,” मी म्हटलं. “आळ कसा घेतात, तेच.”

आमच्या भागात पोर आजारी पडलं की भगत तांदळाचे दाणे बघतो आणि नाव निघतं ते नेमकं एखाद्या विधवेचं. याचा राग मला बाबांपेक्षा कमी नाही. शेवटी त्यांनी अट घातली. म्हातारी निर्दोष सुटली पाहिजे, आणि तीही पुराव्याने. नाहीतर शेवटचा भाग जाणार नाही. मला अट मान्य होती. वाचक रोज विचारत होते, गुन्हेगार कोण? आणि मला सांगायची घाई झाली होती.

त्या रविवारी आम्ही तिघं डहाणूच्या किनाऱ्यावर गेलो. ओहोटी लागली होती. सुरूच्या झाडाखाली भज्यांचा पुडा सोडून मी शेवट वाचला. गुप्तहेर भिंग घेऊन, धुराड्यांतून शाळाभर पसरलेल्या राखेतली पावलं तपासतो, ती एका मास्तरच्या बुटांची निघतात, म्हातारी सुटते.

“नापास,” बाबा म्हणाले.

“का?”

“मास्तर जादूगार आहे ना? मग छडी फिरवून स्वतःची पावलं पुसणार नाही तो? एवढा बावळट?”

आई हसायला लागली. “जादू नसते म्हणणारा माणूस जादूचे कायदे शिकवतोय बघ.”

“नसतेच! पण हिच्या गोष्टीत आहे ना? मग सगळ्यांना सारखी असू दे. हिला सोयीची तेवढीच नको.”

हरकत बरोबर होती, म्हणून मी जास्तच चिडले. उठून पाण्याकडे चालायला लागले. मागे बाबा, त्यांच्या मागे भजी खात आई. “पुसू दे त्याला,” मी ओरडत होते, “मग गुप्तहेराने करायचं काय? घरी जायचं?”

“ते तू बघ. लेखिका तू!”

परत फिरताना मी वाळूकडे पाहिलं. वर, सुरूच्या बाजूला, माणसांच्या आणि कुत्र्यांच्या पावलांचा नुसता गोंधळ होता. खाली भरतीचं पाणी येऊन गेलेला भाग साफ, गुळगुळीत. पाण्याने सगळं पुसलं होतं, आणि म्हणूनच ते कुठवर आलं होतं हे स्वच्छ दिसत होतं.

“बाबा! तो पावलं पुसतो. पण पुसताना बाकीच्यांचीही पुसली जातात. शाळाभर राखेत पोरांची पावलं, आणि मधूनच एक कोरा पट्टा. दगड झालेल्या पोरापासून थेट मास्तरच्या दारापर्यंत!”

बाबांनी वाळू बघितली. मग माझ्याकडे बघितलं. मग एवढ्या जोरात टाळी वाजवली की आईच्या हातातलं भजं वाळूत पडलं.

“वाया गेलं ना!” आई म्हणाली. “आणि त्या म्हातारीचं काय? सुटली, पण माफी कोणी मागितली?”

कोणीच नव्हती मागितली. मी तिथेच वाळूत बसून फोनवर लिहिलं. जेवणाच्या मोठ्या दालनात सगळी शाळा उभी राहते आणि मुख्याध्यापिका पहिली हात जोडते. मोठ्याने वाचून दाखवलं. आईने मान डोलावली. बाबा मात्र अजून विचारात होते.

“मास्तरचं पुढे काय? बडतर्फ, की नुसती बदली?”

“बडतर्फ.”

“लेखी?”

“लेखी, बाबा.”

“मग पाठव.”