थोडा उजेड वाढवा

कूलरमधल्या वाळ्याचा ओला वास आला की मला जयपूरच्या वैशाली नगरातली आमची भाड्याची खोली आठवते. तेव्हा एका अंतराळयानाने पाठवलेली शनीच्या एका चंद्राची कच्ची छायाचित्रं इंटरनेटवर यायची. मी आणि माझी बायको सुनंदा ती संगणकावर उजळून बघायचो. "अहो, थोडा उजेड वाढवा ना," ती म्हणायची आणि काळोखातून एखादी दरी वर यायची. घरातला पहिला पदवीधर मी. इतक्या लांबचं आपल्याला बघायला मिळतं, याचंच मला अप्रूप.

त्या मे महिन्यात सुनंदाला तिसरा महिना होता. सी-स्कीममधल्या दवाखान्यात सोनोग्राफी करताना डॉक्टरबाईंनी एकाच जागी यंत्र पुन्हा पुन्हा फिरवून पाहिलं. मग हळूच म्हणाल्या, "धड़कन नहीं मिल रही, बेटा."

सुनंदा पडद्याकडेच बघत होती. "मॅडम, थोड़ी रोशनी बढ़ाकर देखिए ना."

बाईंनी बटण फिरवलं. करडा पडदा पांढुरका झाला. आत काहीच हललं नाही. मी पुढे वाकलो, तेव्हा कुणी न सांगता त्यांनी ते आणखी एकदा फिरवलं.

त्या वेळी मला वाटलं, बाईंना अजून आशा आहे. आता कळतं, त्यांना ठाऊकच होतं आणि सुनंदालाही. माझी नजर पडद्यावरून निघेपर्यंत त्या दोघी थांबल्या होत्या.