चुडामण आबांचा पिवळा कापूस

आमचे आबा, म्हणजे माझे वडील चुडामण पाटील. नरडाण्याच्या एका जिनात, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, त्यांची सगळी हयात कापूस पारखण्यात गेली. गाडीत हात खुपसायचा, मूठभर कापूस उपसायचा, उन्हात धरायचा आणि एका शब्दात निकाल द्यायचा. आबांनी पिवळा म्हटलं की पिवळा, मग शेतकऱ्यानं कितीही आदळआपट करावी. म्हातारपणी जिन सुटलं तरी लोक घरी येऊन ओट्यावर कापूस दाखवून जायचे, आणि त्या दिवशी आबा दोन घास जास्त जेवायचे.

असा हा माणूस गावभर बोलायचा, पण घरात सुनांशी एक अक्षर नाही. आमच्याकडे रीतच तशी. सासऱ्यानं अंगणात पाय टाकण्याआधी खाकरायचं, सुनांनी पदर हनुवटीपर्यंत ओढून भिंतीकडे तोंड करायचं. सासऱ्याशी बोललेली सून आणि सुनेशी बोललेला सासरा, दोघांचीही गावात सारखीच शोभा व्हायची. आई होती तोवर हे चाललं. आबा भिंतीला सांगायचे, "पाणी पाहिजे," आई ते सुनेला सांगायची, सुनेचं उत्तर आई भिंतीकडे बघणाऱ्या नवऱ्याला सांगायची. सगळे एकाच ओसरीत, हाताच्या अंतरावर. मला लहानपणापासून या प्रकाराचा संताप यायचा, पण मी पडले लेक, चाळीसगावला दिलेली. माहेरच्या रीतीत लेकीनं नाक खुपसलं की तिलाच चार शब्द ऐकावे लागतात.

मग आई गेली. भावांच्या तीन चुली झाल्या, घर एकच राहिलं. आबांची सकाळची भाकरी थोरल्या सुनेकडे, वच्छलाकडे, दुपारचं ताट मधल्या मंजुळाकडे, रात्रीची खिचडी धाकट्या सुंदरकडे. ताट समोर यायचं, पदर दिसायचा, पावलं परत जायची. कोणती सून आली हेही आबा ओळखत नसावेत, कारण त्यांची नजर ताटाच्या वर कधी गेलीच नाही.

त्यात आबांचं हृदय थकलं. पाय सुजले, उताणं झोपवेना, दम लागू लागला. तिघा भावांनी त्यांना धुळ्याला मोठ्या डॉक्टरांकडे नेलं. दुखणं साधं नव्हतं, ते डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं. बाकीच्या औषधांबरोबर एक बारीक पांढरी गोळी दिली आणि बजावलं, "ही रोज एक, जेवणावर. चुकवायची नाही. चुकली तर मला विचारू नका." भाऊ तसे बापाला जपणारे. घरी येऊन तिघांनीही आपापल्या बायकोला दटावलं.

महिना उलटला असेल-नसेल, थोरल्या भावाचा, अभिमनचा, फोन आला. आमच्या शेजारच्या दुकानात फोन होता, तिथून मला बोलावलं. अभिमन म्हणाला, "अक्का, आबानं डोकं फिरनं. तू ये."

मी गेले. आबा ओट्यावर पोत्याला टेकून बसले होते, वाळून अर्ध्यावर आलेले. अन्न बघितलं की ओकारी. समोर झुलाल नावाचा शेजारी कापूस घेऊन उभा, रडकुंडीला आलेला. दुधासारखा पांढरा कापूस होता हो, मला कापसातलं काही कळत नसूनही मी सांगते. आबा म्हणत होते, "पिवया शे. ली जा."

त्या आठवड्यात त्यांनी अख्ख्या गावाचा कापूस पिवळा ठरवला होता. स्वतःच्या पोराचाही. अभिमनचं धोतर पिवळं, गावातली पांढरी गाय पिवळी, भिंतीचा चुना पिवळा. मला बघून म्हणाले, "प्रमिला, हयद लाईसन उनी का?" हळद लावून आलीस का, म्हणे. कावीळ म्हणून गावातल्या एकानं डोळ्यांत रस पिळला, दुसऱ्यानं गळ्यात मुळ्यांची माळ घातली. पण डोळे तर स्वच्छ होते. लोक ओट्यावरून कापूस उचलून हळूच निघून जायचे, आणि मागे हसायचे. आबांना ते कळत होतं. संध्याकाळी माझा हात धरून म्हणाले, "मन्ही नजर गई का वं?" मरणाची त्यांना तेवढी भीती नव्हती, नजर जाण्याची होती. मला मात्र त्यांच्या मनगटाची भीती वाटली. नाडी एक ठोका द्यायची, मग थांबायची, मग आठवल्यासारखा दुसरा द्यायची.

जीप करून धुळ्याला नेलं. डॉक्टरांनी छातीला तारा लावून लांबलचक कागद काढला, तो बघितला आणि त्यांचा चेहरा उतरला. तेवढ्यात आबा खोल आवाजात म्हणाले, "डॉक्टरसाहेब, कोट पिवया पडी गया. धोबी बदला."

डॉक्टरांनी कागद खाली ठेवला. "ती पांढरी गोळी किती देता?"

"एक," अभिमन म्हणाला. "रोज एकच," दुसरा म्हणाला. तिसऱ्यानं आईची शपथ घेतली. तिघेही खरं बोलत होते.

"शक्य नाही," डॉक्टर म्हणाले. "ही गोळी हृदयाला लगाम घालते. जास्त झाली की लगाम आवळला जातो, ठोके अडखळतात, अन्न नकोसं होतं, सगळं पिवळं दिसतं. हातानं कोण देतं, त्यांना बोलवा."

सुना दुसऱ्या दिवशीच्या एसटीनं डबे घेऊन आल्या. खाटेवर सासरा, म्हणून तिघी ओळीनं भिंतीकडे तोंड करून उभ्या. डॉक्टरांनी विचारलं, "आजोबांना गोळी कोण देतं?" उत्तर नाही. पुन्हा विचारलं. सासऱ्यासमोर तोंड कसं उघडायचं? मग तीन पदरांखालून तीन हात बाहेर आले, आणि तिन्ही हातांत त्याच गोळ्यांची तीन पाकिटं.

तिघी एकमेकींच्या हातांकडे बघत राहिल्या. मी कपाळावर हात मारला. प्रत्येक भावानं आपलं आपलं पाकीट आणलेलं, प्रत्येकीनं आपल्या ताटाबरोबर एक गोळी दिलेली, आणि दुसरीला विचारायचं कसं, तर तिला वाटेल हिला माझा भरवसा नाही.

"आणि तुम्ही हो?" डॉक्टर आबांवर घसरले. "दिवसातून तीनदा तीच गोळी येते, तुम्हाला विचारता आलं नाही?"

आबा शांतपणे म्हणाले, "सुनास्ले कसं इचारू?"

डॉक्टर स्टुलावर बसले. गोळी बंद केली, रात्रंदिवस तारा लावून ठेवल्या. एक रात्र अशी गेली की मी आबांच्या पायांशी बसून सगळ्या देवांना वेठीला धरलं. हळूहळू ठोके सरळ झाले. एका सकाळी आबांनी उशीचा अभ्रा हातात धरून उन्हाकडे केला, खूप वेळ बघितला आणि म्हणाले, "पांढरा शे." मी बाहेर जाऊन रडून घेतलं.

पण घरी सोडायच्या दिवशी, तिघी सुना डबे घेऊन आलेल्या असताना, डॉक्टर अडून बसले. "गोळी परत लागणार, कमी मात्रेची, पण लागणार. ताट आलं की यांनी तोंडानं विचारायचं, आज गोळी कोणी दिली का. सुनेनं तोंडानं सांगायचं. आत्ता माझ्यासमोर. नाहीतर मी सोडत नाही."

"मंग मरू द्या," आबा म्हणाले आणि कूस बदलली.

माझा तोल गेला. "मरा," मी म्हटलं. "या तिघींच्या हातून मेलात असं गाव म्हणेल. जन्मभर तोंड वर करू शकणार नाहीत बिचाऱ्या. हीच का तुमची रीत?"

वच्छलानं डबा उघडून ताट वाढलं आणि खाटेवर पुढे सरकवलं. मग आबा उठून बसले, नजर ताटावरून वर नेली, आणि पहिल्यांदा सुनेकडे बघितलं. घसा खाकरला, पण या वेळी कुणाला पळवायला नाही.

"वच्छला," ते म्हणाले, "आज गोळी कोनी दिधी का?"

"नही आबा," पदराआडून बारीक आवाज आला.

आबांनी मान हलवली. मग, बांध फुटलाच आहे तर, म्हणाले, "आन तुन्ही भाजीमा मीठ भलतं ऱ्हास."

"इतला वरीस सांगं काबर नही मंग?" वच्छला म्हणाली, आणि स्वतःच्याच आवाजानं दचकली. डॉक्टर उठून उभे राहिले. सूज असलेल्या माणसाला मीठ वर्ज्य, हे त्यांनी मुलांना सांगितलं होतं. मुलांनी बायकांना सांगितलं नव्हतं, गोळीच्या धाकापुढे ते राहून गेलं.

त्यानंतर आबा पाच वर्षं जगले आणि घरात शांतता म्हणून राहिली नाही. सकाळी त्यांची आरोळी गल्लीच्या टोकाला ऐकू जायची, "आज गोळी कोनी दिधी का?" सुना तीन चुलींवरून ओरडायच्या. पुढे पुढे भाजी, पाऊस, कापसाचा भाव, नातवाचं लग्न, सगळ्यावर वाद. आबांना सुनांशी भांडायची चटकच लागली, आणि सुना माझ्याकडे कागाळ्या करायच्या की म्हातारा फार बोलतो.

आबा गेले, त्यांना पोचवून माणसं परतली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी ओसरीवर बसले होते. आरोळीची वेळ झाली. तिन्ही चुलींजवळ तिघी गप्प उभ्या, हातातली कामं थांबवून. मग वच्छला बाहेर आली, डोक्यावरचा पदर सावरायचंही तिला सुचलं नाही. रिकाम्या ओट्याकडे बघून ती मोठ्यानं म्हणाली, "नही आबा, आज कोनीच नही दिधी."