मारखाऊचा आवाज

माझा काका आयुष्यभर मार खाऊन जगला, आणि तोही दुसऱ्यांच्या वाटचा. परदेशातून मारामारीचे सिनेमे यायचे, ते आपल्या भाषेत करून देणाऱ्या एका स्टुडिओत तो कामाला होता. नायकाचे संवाद म्हणायला नाटकातले भारदस्त आवाजाचे नट यायचे. नायकाच्या हातून जे पटापट आडवे होत, त्या सगळ्यांचं ओरडणं, कण्हणं आणि मरणं एकट्या काकाकडे असायचं. स्टुडिओत त्याला मारखाऊ म्हणत. नाव ठेवणाऱ्याचा हेतू वाईट नसेलही, पण मला ते कधी सहन झालं नाही.

ते सिनेमे मला लहानपणी कळले नाहीत आणि मोठेपणी आवडले नाहीत. मधोमध एक माणूस उभा, भोवती तीस-चाळीस गुंड, आणि ते सगळे रेशनच्या रांगेत असल्यासारखे एकेक करून मार खायला पुढे येणार. वाक्य संपलं तरी ओठ चालूच. हात नुसता हवेत फिरवला तरी वादळ सुटणार. कोणी एक म्हातारा गुरू छपरावर बसून शांती शिकवणार, आणि खाली त्याचा शिष्य अर्धं गाव बडवून काढणार. लोक नायकासाठी शिट्ट्या मारायचे. मी डोळे मिटून त्या गुंडांमध्ये काकाला शोधत बसायचे, आणि तो सगळीकडेच असायचा.

स्टुडिओची कामाची पद्धत ठरलेली होती. आधी संवाद, शेवटी मार. सगळे नट आपापली वाक्यं म्हणून घरी गेले, की भिंतींना जुने गालिचे ठोकलेल्या त्या कोंदट खोलीत काका एकटा उभा राहायचा. समोरच्या पडद्यावर कोणाच्या तरी जबड्यावर लाथ बसली, की इकडे हा ओरडणार. पोटात स्वतःच बुक्की मारून घेतल्याशिवाय आवाज खरा येत नाही, असं त्याचं ठाम मत होतं. काकू त्याचे सदरे धुवायची आणि त्याच्या पोटावरचे काळेनिळे डाग पाहून तोंड फिरवायची.

घरी मात्र तो बोलायचा नाही. भांडण नव्हतं, राग नव्हता, गळा जपायचा होता. उद्या कामाला हवा म्हणून आवाज घरी खर्च करायचा नाही, हा त्याचा नेम. टेबलावर बोटाने एकदा टकटक केलं की पाणी, दोनदा केलं की चहा. काकू दोघांच्या वाटचं एकटीच बोलायची. "वाढू का? हो, वाढते. पोरीची फी भरायचीय. बरं, उद्या भरू." आम्ही पोरं त्यावर खूप हसायचो. काकूही हसायची. तिला आत काय होत असेल, हे विचारायची अक्कल आमच्यात नव्हती.

एकदा ती त्याचा आवाज ऐकायला म्हणून थिएटरात गेली. काका पडद्यावर तिसऱ्या मजल्यावरून पडला, किंचाळला, आणि अख्खं थिएटर खदाखदा हसलं. मध्यंतरालाच ती उठून घरी आली. नंतर पुन्हा कधी त्या सिनेमांकडे फिरकली नाही.

काकाला एकच आस होती, कधीतरी एक संवाद मिळावा. मालक दरवेळी म्हणायचे, पुढच्या सिनेमात बघू, तू गळा सांभाळ. म्हणून हा आणखी गप्प. एकदा खरंच छपरावरच्या गुरूची चार वाक्यं त्याच्याकडून म्हणवून घेतली. रेकॉर्डिस्टने ती ऐकली आणि सांगितलं की आवाज चिरलाय, गुरूसारखा वाटत नाही. इतकी वर्षं चिरून घेणारे हेच, आणि आता चिरलाय म्हणून नाक मुरडणारेही हेच. काका परत त्या गालिचे ठोकलेल्या खोलीत मार खायला जाऊन उभा राहिला.

पुढे सिनेमे कमी झाले आणि मारामारीचे व्हिडिओ गेम आले. एका गेम कंपनीने काकाला बोलावून त्याचा सगळा मार एकदमच भरून घेतला. हलका फटका, जोराचा फटका, जळणं, बुडणं, लवकर मरणं, सावकाश मरणं. मग त्याला पुन्हा बोलावण्याची कोणाला गरज उरली नाही. काका-काकूंची मुलगी, म्हणजे माझी ताई, तो गेम मोठ्या कौतुकाने घरी घेऊन आली. काकाने तो थोडा वेळ पाहिला. बटण दाबलं की पडद्यावरचा मुखवटेवाला पैलवान त्याच्या आवाजात विव्हळत होता. काकाने ताईच्या डोक्यावर हात ठेवला आणि आत जाऊन झोपला.

त्यानंतर गळ्याचं दुखणं निघालं. डॉक्टर म्हणाले, स्वरयंत्र काढावं लागेल. थोडंफार वाचतंय का ते कापल्यावरच कळेल, तोवर गळ्याला शक्य तेवढा आराम द्या. बस, आराम हा शब्द काकाने उचलला. गळ्याला आराम कसा द्यायचा हे त्याला कोणी शिकवायची गरज नव्हती. ऑपरेशनच्या तारखेपर्यंत त्याने तोंडातून अक्षर काढलं नाही. काकू पलंगाशी बसून म्हणाली, "अहो, एकदा तरी बोला माझ्याशी. काहीही बोला." त्याने बोटाने गळ्याकडे दाखवलं, मग तिचा हात थोपटला. वाचवून ठेवतोय, नंतर बोलू, असं त्याला म्हणायचं होतं. तिलाही ते कळलं आणि तिने हट्ट धरला नाही.

काहीच वाचलं नाही. सगळं काढावं लागलं. काका घरी आला तो गळ्याला भोक आणि त्यावर जाळीचा रुमाल घेऊन.

काकूने आम्हाला एकच गोष्ट मागितली. त्याच्या आवाजातला एक शब्द शोधून द्या, कुठलाही. आम्ही घर पालथं घातलं. ताईच्या लग्नाच्या चित्रफितीत काका जागोजागी आहे, पाहुण्यांना हाताने या-बसा करतोय, हसतोय, बोलत कुठेच नाही. शेवटी मी स्टुडिओत गेले. रेकॉर्डिस्ट आता पिकलाय, पण माणूस चांगला. इतक्या वर्षांत दोन टेकच्या मधे काका काहीतरी बोलला असेलच ना, म्हटलं. पाणी द्या, पंखा लावा, पुन्हा घेऊ का, काहीही चालेल.

"बोलायचा की," तो म्हणाला. "पण बोलणं आम्ही कापून टाकायचो. फक्त मार ठेवायचा."

मला त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. पण चूक त्याचीही नव्हती, ते त्याचं काम होतं. घरी येऊन काकूला सांगितलं तेव्हा ती नुसती बरं म्हणाली आणि भांडी घासायला गेली.

नंतर एका दुपारी मी गेले तर दार उघडंच होतं. आतून काकाचं विव्हळणं ऐकू आलं. धावत आत गेले. टीव्हीसमोर जमिनीवर काकू बसली होती, चष्मा नाकावर, ताईचा गेमचा रिमोट दोन्ही हातांत घट्ट धरून. काका शेजारच्या खुर्चीत होता. पडद्यावर तिचा बुटका लढवय्या मुखवटेवाल्या पैलवानाला बडवत होता. बटण कुठलं दाबायचं हे तिला धड कळत नव्हतं, दहातला एखादा फटका बसायचा. बसला की काकाचा आवाज खोलीभर व्हायचा.

"बोला," ती म्हणत होती. "बोला आता."

तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि मी आल्याचं दोघांनाही कळलं नव्हतं. मला ते बघवेना. रिमोट काढून घ्यावा म्हणून मी पुढे झाले, तेवढ्यात काकाच वाकला. मला वाटलं, तोच तिला थांबवेल. त्याने तिचा अंगठा धरला, हलक्या फटक्याच्या बटणावरून उचलला आणि जोराच्या फटक्याच्या बटणावर नेऊन ठेवला. त्यात आवाज जास्त वेळ टिकतो, हे त्याच्याइतकं कोणाला माहीत असणार. काकूने त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि ते बटण दाबलं.