ऑपरेटरबाईंची हरळी

टेलिफोन एक्सचेंजमध्ये सव्वीस वर्षं कानाला हेडफोन लावून बसलेल्या ऑपरेटरबाईंच्या हातात वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी खुरपं आलं. आपोआप जोडण्या करणारी यंत्रं बसली आणि बायका जादा ठरल्या. एक रेकॉर्डला गेली, दोघी टपालाला. बाईंचं नाव यादीत तळाला, त्यामुळे त्यांच्या वाट्याला कार्यालयाची बाग आली. बाग म्हणजे इमारतीपुढचा टणक, खडीने भरलेला तुकडा आणि कोपऱ्यात एक डेरेदार झाड.

मोठ्या साहेबांना तिथे हरळीची हिरवळ हवी होती. बाईंनी घरी कुंडीतलं रोपटंही कधी जगवलं नव्हतं. शेती करणाऱ्या धाकट्या भावाला त्यांनी फोन केला, तेव्हा तो आधी पोटभर हसला. "ताई, हरळी उपटून उपटून आमची कंबर मोडली, आणि तुला ती लावायचा पगार मिळतोय?" तरी त्याने बांधावरची बारीक पानाची हरळी खणून पोतंभर पाठवून दिली.

बाईंनी जमीन वरवर खरवडली, लांब लांब वेली आडव्या पसरल्या आणि पाइपने पाणी मारलं. तीन आठवड्यांत हिरवं दिसायला लागलं तशा त्या हरखून गेल्या. फाटकावरच्या पहारेकऱ्याने वाकून पाहिलं आणि ही हरळी नाही, हा तर लव्हाळा, तण आहे म्हणून सांगितलं. त्याची गाठ जमिनीत खोल असते. ओढलं की पातं हातात येतं, गाठ जागच्या जागी. हरळी बरीचशी वाळून गेली होती. साहेब खिडकीतून नुसते बघत राहिले. बाईंना ते रागावण्यापेक्षा जास्त लागलं.

मग त्यांना क्रीडामैदानाची हिरवळ राखणारे काका आठवले. सामने असले की मैदानाच्या कचेरीतून बाहेरगावी फोन लागायचे, आणि ते जोडून मागायला हे काकाच असत. दोघांनी एकमेकांना पाहिलेलं नव्हतं. बाईंनी फोन केला, नुसतं "हॅलो" म्हणाल्या, तोच पलीकडून आवाज आला, "बाई, आज तुम्ही कोणाचा नंबर मागताय?"

"तुमचाच, काका. हरळी लावायची आहे."

त्यानंतर रोज सकाळी दहाला, मैदानाला पाणी देऊन झालं की, काका फोनवर शिकवू लागले. पहिला महिना त्यांनी हरळीचं नावही काढू दिलं नाही. जमीन वीतभर खोल खणायला लावली, खडी वेचायला लावली. मग पाणी देऊन तण उगवू द्यायचं आणि लव्हाळा गाठीसकट खणून काढायचा, असं तीनदा. बाईंच्या हाताला फोड आले. नवऱ्याने विचारलं, एक्सचेंजने तुला गवत लावायला नेमलंय की विहीर खणायला? फोडांना मलम लावून बाई झोपल्या.

पुढे कुजलेलं शेणखत आणि थोडी वाळू मिसळली, फळी ओढून जमीन सारखी केली आणि पाणी साचू नये म्हणून रस्त्याकडे किंचित उतार ठेवला. भावाकडून दुसरं पोतं आलं. या वेळी बाईंनी वेलींचे, पेरांवरचे दोन-तीन डोळे राखून, तुकडे केले, चार-चार बोटांवर तिरपे खोचले, टोक तेवढं बाहेर ठेवलं आणि माती दाबली. पोतं ओलं ठेवून सावलीत ठेवायचं, एका वेळी लावण्यापुरतंच बाहेर काढायचं, हे काकांनी दोनदा बजावलं होतं. पाणी झारीने, सकाळ-संध्याकाळ. बाराव्या दिवशी डोळे फुटले. दोन महिन्यांत वेली एकमेकींत गुंतल्या, तीन बोटं उंच झाल्यावर बाईंनी पहिली कापणी केली, तीही फक्त वरच्या शेंड्यांची.

झाडाखाली मात्र काही केल्या जमेना. तिथेही हिरवं हवं, असा साहेबांचा आग्रह. बाई वर त्यांच्या खोलीत गेल्या.

"साहेब, उन्हाशिवाय हरळी येत नाही. एक तर झाड तोडा, नाही तर तिथे बाक टाका."

सव्वीस वर्षांत त्या वरिष्ठांशी "जी साहेब"च्या पुढे बोलल्या नव्हत्या. महिन्याभरात बाक आला.

काका एकदाच येऊन गेले. बारीक चणीचा, डोक्याला रुमाल बांधलेला माणूस. चपला काढून ते हिरवळीवर फिरले, टाच दाबून पाहिली आणि म्हणाले, "रोलर एकदा जास्त फिरवलात, माती आवळली." मग बाकावर बसून दोघांनी चहा घेतला. समोरासमोर त्यांना फारसं बोलायला सुचलं नाही. दुसऱ्या दिवशी दहाला फोनवर ते पाऊण तास बोलले.

दोन वर्षांनी चौकशीच्या खिडकीवरची जागा रिकामी झाली आणि बाईंना विचारणा झाली. पंखा, खुर्ची, सावली. मुलीचं म्हणणं, आता तरी आत बस, आई. बाईंनी दोन दिवस विचार केला आणि नकार लिहून दिला. कारणाच्या रकान्यात काय लिहावं ते कळेना, म्हणून "बागेचे काम सुरू आहे" एवढंच लिहिलं. मुलीला मात्र खरं कारण सांगितलं. "सव्वीस वर्षं लोकांचं ऐकलं. आता थोडं शांततेत राहू दे."

निवृत्तीपर्यंत त्या बागेतच राहिल्या.