नको म्हटल्यावर

मला ते जहाज हवं होतं. हे आधीच सांगून टाकतो, कारण ज्या माणसाला ते सांगायला हवं होतं त्याला मी वेळेवर सांगितलं नाही.

जहाज म्हटल्यावर डोळ्यांसमोर जे येतं तसं ते नव्हतं. शंभराहून जास्त वर्षांपूर्वी हॉलंडमध्ये कालव्यांतून बटाटे आणि विटा वाहण्यासाठी बांधलेलं, लोखंडी, चपट्या तळाचं, गुबगुबीत गालांचं मालवाहू जहाज. एक डोलकाठी, तपकिरी शीड आणि दोन्ही कुशींना लटकणाऱ्या दोन भल्यामोठ्या लाकडी फळ्या. तळ चपटा असल्यामुळे वारा त्याला खेकड्यासारखं आडवं ढकलतो. मग ज्या बाजूला ढकलतोय त्या बाजूची फळी पाण्यात सोडायची, की ते जरा ताळ्यावर येतं. कालव्यात ते अतिशय शहाण्यासारखं वागतं. समुद्र त्याला मानवत नाही, आणि मी अकोल्याचा, मलाही मानवत नाही.

मालक म्हणजे हॅनोव्हरला पीएच.डी. संपवून मी ज्या कंपनीत लागलो तिथला माझा पहिला विभागप्रमुख. निवृत्त होऊन त्याला बरीच वर्षं झाली. बायको गेलेली, मूलबाळ नाही. मी मनात त्याला म्हातारा म्हणतो. तोंडावर म्हणायची हिंमत नाही. एकदा शनिवारी त्याने मला जहाजाचा गंज खरवडायला बोलावलं, आणि पुढची दहा-बारा वर्षं माझे शनिवार तिथेच गेले. खरवडायचं, रंगवायचं, वंगण घालायचं. बायको म्हणायची, घरच्या बाल्कनीचं रेलिंग गंजून गेलंय, ते नाही दिसत तुला. ते खरंच दिसत नव्हतं.

या वर्षी डोळ्यांच्या डॉक्टरांनी म्हाताऱ्याला सांगितलं की आता पुरे. जहाज उन्हाळ्यासाठी एमडेनच्या बंदरात नेलेलं होतं, ते हॅनोव्हरजवळच्या कालव्यात परत आणायचं होतं. आतल्या कालव्याच्या वाटेवरचं एक लॉक, म्हणजे जहाजाला पाण्यासकट वर-खाली करणारा दरवाजा, दुरुस्तीसाठी बंद होतं. थांबलो असतो तर उघडलं असतं. पण म्हाताऱ्याने नकाशा उघडला आणि बोटाने बाहेरची वाट दाखवली: एम्स नदीच्या मुखातून बोर्कुम बेट, तिथून बेटांच्या बाहेरून उघड्या समुद्रातून पूर्वेला, आणि मग वेझर नदीच्या मुखातून आत. लॉकचं निमित्त होतं. त्याला शेवटचं एकदा समुद्रावर जायचं होतं, आणि ते मला कळत होतं म्हणून मी रजा टाकली.

बोर्कुमच्या धक्क्याला लागलो त्या संध्याकाळी त्याने डब्यातलं वाटाण्याचं सूप गरम केलं. अर्धं खाऊन झाल्यावर चमचा खाली ठेवला आणि म्हणाला, "तर, मी यानंतर जहाज चालवणार नाही. तू घेशील का? विकायचं नाहीये मला. ते कुठे कुठे गंजतं हे ज्याला माहीत आहे त्याच्याकडे जावं असं वाटतं."

मी किती वर्षं या वाक्याची वाट पाहत होतो. आणि माझ्या तोंडून काय निघालं? "छे छे, नाही! मी कसा घेईन? तुमचं जहाज आहे. तुम्ही अजून दहा वर्षं चालवाल."

त्याने माझ्याकडे क्षणभर पाहिलं, मान डोलावली आणि सूप संपवलं.

आता यात मी वेगळं काय केलं? आमच्याकडे पंगतीत ताटावर हात आडवा धरून "नको, नको" म्हणायचं असतं आणि वाढणाऱ्याने बोटांच्या फटीतून जिलबी सोडायची असते. पहिल्याच हाकेला "हो, वाढा" म्हणणारा माणूस हावरट. कुणी काही मोठं देऊ केलं की आधी मागे सरायचं, त्याने आग्रह करायचा, आपण पुन्हा सरायचं, आणि तिसऱ्यांदा डोळ्यांत पाणी आणून घ्यायचं. यात खोटेपणा नाही. देणाऱ्याला माघार घ्यायला जागा ठेवायची म्हणून आपण असं वागतो. जर्मनीत आलो त्या वर्षी लोकांच्या घरी केकला एकदा नको म्हणून मी अनेकदा उपाशी परतलो होतो. केकच्या बाबतीत मी शिकलो. मोठं काही समोर आलं की मात्र तोंड पुन्हा अकोल्याचं होतं.

सकाळी कॉफीच्या वेळी तो विचारेल असं मला वाटलं. कॉफी झाली. दोर सोडताना विचारेल. दोर सुटले. ओहोटीबरोबर आम्ही बेटाच्या बाहेर पडलो, समोर नुसतं करडं पाणी पसरलं, आणि म्हाताऱ्याने हवामानाखेरीज एक अक्षर काढलं नाही.

वारा पश्चिमेचा होता, म्हणजे आमच्या मागून. ऐकायला बरं वाटतं. पण मागून तिरकी येणारी लाट चपट्या जहाजाचं ढुंगण उचलते, बाजूला फेकते आणि निघून जाते. लगेच सुकाणूचा दांडा अंगाने रेटून ते सरळ करायचं. तेवढ्यात पुढची लाट आलेली असते. तो दांडा माझ्या मांडीएवढा जाड आहे. पहिला तास मजेत गेला. नंतर खांदे बोलायला लागले, मग कंबर, मग ज्या स्नायूंची नावंही मला माहीत नाहीत ते. त्यात मला बोट लागली. मी एका हाताने दांडा धरून कठड्यावरून सकाळची कॉफी समुद्राला दिली.

म्हाताऱ्याने पाहिलं. "दमलास का? मी घेऊ?"

"नाही नाही, ठीक आहे. तुम्ही बसा."

"बरं," तो म्हणाला. खाली केबिनमध्ये गेला आणि दार ओढून घेतलं.

मला त्याचा असा राग आला! माणसाचा चेहरा हिरवा पडलाय, हात थरथरतायत, तो ठीक आहे म्हणाला म्हणून काय खरंच ठीक असतो? एवढी इंजिनिअरिंगची अक्कल, आणि समोरच्याचं तोंड वाचता येऊ नये? मी मोठमोठ्याने मराठीत शिव्या घातल्या. ऐकायला कुणी नव्हतं, नुसती दूरवर पवनचक्क्यांची रांग होती. मग रागही दमला. नुसतं उभं राहायचं, लाट आली की रेटायचं, गेली की सोडायचं. डोळे मिटत होते. दुपार सरत नव्हती. मला घर आठवलं, माझा पलंग आठवला, बाल्कनीचं ते गंजकं रेलिंगसुद्धा आठवलं.

नॉर्डर्नाय बेटाच्या बाहेरून जाताना फोनला रेंज आली आणि बायकोचा फोन आला. स्पीकर लावून फोन जॅकेटच्या वरच्या खिशात ठेवला.

"जिवंत आहेस ना?"

"आहे. त्याने विचारलं. जहाज घेतोस का म्हणून."

"काय सांगतोस! मग?"

"मी नको म्हणालो."

मग ती म्हणाली, "अरे, तो काय तुझा मामा आहे? नाही म्हटलंस ना? झालं, मग संपलं. आता तो परत विचारणारच नाही. इथे लोक एकदाच विचारतात, एवढी वर्षं राहून तुला कळलं नाही?"

"अगं, पण तो मला ओळखतो."

"ओळखतो म्हणूनच तुझा शब्द खरा मानला त्याने. जा आणि सरळ सांग, मला हवंय म्हणून. लाज वाटते का?"

वाटत होती. तेच तर होतं. काही म्हणणार तेवढ्यात रेंज गेली.

त्या बोलण्यात माझं लक्ष ढळलं आणि एक मोठी लाट मी चुकवली. जहाज आडवं फिरलं, कुशीची फळी साखळीसकट धाडकन आपटली, खाली भांडी घरंगळली. मी दांड्यावर सगळं वजन टाकलं; तो हलेना. तेवढ्यात दार उघडलं, म्हातारा पायमोजे घालूनच धावत वर आला आणि माझ्या शेजारी दांड्याला छाती लावली. दोघांनी मिळून रेटलं. पुढची लाट कुशीवर आदळली, दोघेही पार भिजलो, आणि मग जहाज हळूहळू, कुरकुरत, पाठ फिरवून सरळ झालं.

"दमला होतास तर सांगायचं होतंस," तो धापा टाकत म्हणाला.

त्याने दांडा सोडला नाही आणि मीही सोडला नाही. तसेच आम्ही खांद्याला खांदा लावून बराच वेळ उभे राहिलो. त्याच्या भिजलेल्या स्वेटरला ओल्या कुत्र्यासारखा वास येत होता. त्याचे हात म्हाताऱ्याचे झाले होते, डागांचे आणि पातळ कातडीचे. ते मी इतक्या जवळून कधी पाहिले नव्हते.

वेझरच्या मुखाशी आलो तेव्हा उन्हं तिरपी झाली होती. भरती आम्हाला आत घेत होती, लाटा बुटक्या झाल्या होत्या. वाट दाखवणाऱ्या लाल आणि हिरव्या तरंगत्या बोया एकेक करून मागे पडत होत्या. आता नाही तर कधीच नाही, असं मला वाटलं. जर्मनमध्ये वाक्य जुळवलं, दोनदा मनात म्हटलं, आणि त्याच्याकडे न बघता बोललो.

"मला जहाज हवंय."

तो पुढच्या बोयेकडे बघत राहिला. त्याला ती नीट दिसत नसणार. "काल तू नाही म्हणालास."

"हो."

"मी काल रात्रीच शब्द दिला. ब्रेमरहाफेनजवळ एक जोडपं आहे, तरुण. दोन वर्षं मागे लागलेत. तू नाही म्हणालास म्हणून त्यांना फोन केला. ती बाई फोनवर रडली."

मी दांड्याला टेकलो. "मला वाटलं तुम्ही परत विचाराल."

"परत?" त्याने पहिल्यांदा माझ्याकडे मान वळवली. त्याला खरंच कळलं नव्हतं. "तू नाही म्हणाला होतास."

मी त्याला समजावायचा प्रयत्न केला. पंगत, जिलबी, ताटावरचा हात. दमलेल्या माणसाच्या जर्मनमध्ये ते सगळं हास्यास्पद वाटत होतं. पण तो हसला नाही. शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"हा प्रश्न मी वर्षभर मनात धरून होतो," मग तो म्हणाला. "तुला एवढं मोठं ओझं देऊ की नको, हे ठरत नव्हतं. तू नाही म्हणालास तेव्हा वाटलं, बरोबर आहे, हा शनिवारी येत होता तो माझ्यासाठी, भिडेखातर. आज खाली गेलो तो झोपायला नाही. तुझ्यासमोर उभं राहवत नव्हतं."

"मग एकदा तरी परत विचारायचं होतंत."

"दुसऱ्यांदा विचारणं म्हणजे भीक मागणं," तो म्हणाला. "माझ्या वयाला तेवढंच उरलेलं असतं, न मागणं."

मी दिवसभर त्याला शिव्या घातल्या होत्या. तो निगरगट्ट आहे, त्याला माणूस वाचता येत नाही, असं ठरवून टाकलं होतं. आणि तो केबिनच्या अंधारात डोळे उघडे ठेवून पडला होता, मी त्याला नाकारलं म्हणून. मला इतकं वाईट वाटलं की थकवाही क्षणभर विसरलो.

मग त्याने ओल्या खिशातून फोन काढला. तो कोरड्या पिशवीत गुंडाळलेला होता, पिशवी उघडायला त्याला वेळ लागला. फोन हातात धरून, माझ्याकडे न बघता, तो म्हणाला, "मी आजवर दिलेला शब्द फिरवलेला नाही. पण तू म्हणत असशील तर त्यांना फोन करतो. सांगतो, चूक झाली. घेशील का तू?"

म्हणजे त्याने दुसऱ्यांदा विचारलं. नंबर अजून लावला नव्हता. पलीकडे कुणीतरी रात्रभर आनंदाने जागलेलं होतं. इकडे हा माणूस शब्द मोडायला आणि मागायला, दोन्हीला तयार झाला होता, माझ्यासाठी. मला ते जहाज अजूनही हवं होतं. कालच्यापेक्षा जास्त हवं होतं.

"नको," मी म्हणालो. "राहू दे त्यांना. खरंच नको."

त्याने माझं तोंड निरखून पाहिलं, खूप वेळ, त्या अधू डोळ्यांनी, ताटावरचा हात शोधत असल्यासारखं. मग हळूच विचारलं, "हे नको कुठलं?"