मार्चपर्यंत चालतील
जकात नाक्यावर तीस वर्षं खोट्या पावत्या पकडलेल्या विमलाबाई शिळीमकरांचा कुणाच्या शब्दावर चटकन विश्वास बसत नसे. बँकेचं नाव बदललं, तेव्हा जुने चेक चालतील का, हे विचारायला त्या स्वतः मंडईजवळच्या शाखेत गेल्या.

"मार्चपर्यंत चालतील, आजी," काउंटरवरची ऋतुजा म्हणाली.

"लेखी द्या."

तिने लिहून, शिक्का मारून कागद दिला. विमलाबाईंनी तो डोळ्यांजवळ धरला.

"अहो, शिक्का जुन्याच नावाचा आहे!"

"नवा अजून आलेला नाही."

विमलाबाईंनी तिथेच पाचशेचा चेक लिहिला. नोट हातात पडेपर्यंत त्या काउंटरवरून हलल्या नाहीत. मगच चेकबुक पिशवीत गेलं. कागद मात्र त्यांनी परत केला.

"नवा शिक्का आला की द्या. मी येईन."